लाल टिपक्याची साखळी

काशिनाथ बोडस यांनी एकतीस वर्षांच्या नोकरीत एकही नापास नग पास केला नव्हता. भोपाळच्या कारखान्याच्या टाउनशिपमध्ये हे सगळ्यांना माहीत होतं, कारण ते स्वतःच सांगत. कारखान्याच्या तपासणी विभागातलं त्यांचं काम तसं सरळ होतं. समोर आलेला नग उचलायचा, व्हर्नियरने मोजायचा, ड्रॉइंगवरच्या मापाशी ताडून पाहायचा आणि खिशातल्या दोन तेलखडूंपैकी एकाचा टिपका त्यावर ठेवायचा. हिरवा म्हणजे पुढे जाऊ द्या. लाल म्हणजे परत. कुणी वाद घातला तर ते नगाकडे बोट दाखवत.

"मला कशाला विचारता? त्याला विचारा."

१९८९च्या जूनअखेर ते निवृत्त होणार होते. टाउनशिपच्या पिपलानी भागातलं क्वार्टर सोडून कोलार रोडवर बांधायला काढलेल्या घरात जायचं होतं. त्या घराच्या प्लास्टरवर जानेवारीपर्यंत सतरा लाल टिपके पडले होते आणि दोन गवंडी काम सोडून गेले होते.

त्यांच्या पत्नी नलिनीताई यांना घराचं फारसं काही नव्हतं. त्यांना अकरा वर्षं एकच गोष्ट हवी होती. तीन पोपटांची पितळी साखळी.

नलिनीताईंच्या आईकडून त्यांच्याकडे एक वीतभर उंचीचा पितळी झोपाळा आला होता. चैत्रात त्यात गौर बसवायची. चौकट, खाली गौर बसायची वाटीएवढी पाटली, आणि पाटलीला धरून ठेवणाऱ्या दोन बाजूंच्या दोन साखळ्या. प्रत्येक साखळीत एकाखाली एक तीन पोपट. १९७८ साली पुण्याहून भोपाळला बदली झाली, ट्रकमधून सामान उतरलं, आणि डावी साखळी त्यात नव्हती. बोडसांनी त्याच आठवड्यात तिची जागा भरून काढणारी स्टेनलेस स्टीलची एक दांडी करून दिली. उजव्या साखळीची लांबी १८६ मिलिमीटर, दांडीची लांबी १८६ मिलिमीटर. गौर पाणसळीत बसली. बोडसांच्या लेखी प्रश्न मिटला.

"दवाखान्यात सलाइन लावल्यासारखी दिसते," नलिनीताई दर चैत्रात म्हणायच्या.

टाउनशिपमधल्या चौदा मराठी घरांत चैत्रगौर बसे. महिनाभर दर शुक्रवारी कुणाकडे तरी हळदीकुंकू. गौरीभोवती आरास करायची, पायऱ्या रचायच्या आणि त्यावर घरातल्या शोभेच्या वस्तू मांडायच्या. अडचण अशी होती की चौदाही घरांनी शोभेच्या वस्तू एकाच बाजारातल्या त्याच दोन दुकानांतून घेतल्या होत्या. तोच काचेचा मासा, तीच नाचणारी बाहुली. दुसऱ्या शुक्रवारपर्यंत बायकांना काचेच्या माशाचा वीट येई. म्हणून जुन्या शहरात रविवारी सकाळी भरणाऱ्या जुन्या सामानाच्या बाजाराकडे नलिनीताई वळल्या. जुन्या घरांमधून निघालेलं सगळं तिथे चटयांवर मांडलेलं असे. पानदानं, अत्तरदाण्या, मणी गळालेले बटवे, झुंबरांचे लोलक, आणि त्यांच्याच शेजारी पंख्याची पाती आणि शिवणयंत्राची चाकं. आरास हे निमित्त होतं. नलिनीताईंचे डोळे साखळी शोधत.

त्यांचे नियम ठरलेले होते. हवी असलेली वस्तू आधी हातात घ्यायची नाही. नको असलेल्या तीन वस्तूंचा भाव विचारायचा, तीनही महाग म्हणायच्या, आणि उठता उठता हवी असलेली वस्तू "ये भी डाल दो" म्हणून पिशवीत टाकून घ्यायची. या पद्धतीने त्यांनी एक लाकडी उंट, चांदीच्या तारेचं काम केलेली डबी आणि दोन अत्तरदाण्या मिळवल्या होत्या. साखळी नाही.

बोडस त्यांना स्कूटरवर सोडत आणि कडेला स्कूटर लावून पेपर वाचत. जानेवारीतल्या एका रविवारी पेपर आला नाही. बोडस वीस मिनिटं स्कूटरवर नुसते बसले. मग उतरले आणि पहिल्या चटईपाशी जाऊन उभे राहिले. चटई छुट्टन मियाँची होती. सत्तरीचे, बारीक अंगाचे, समोर मेणबत्तीच्या दोन पितळी स्टँडची जोडी. बोडसांनी एक उचललं, दुसरं उचललं, कपाळाला आठी घातली आणि खिशातून व्हर्नियर काढला. व्हर्नियर रविवारीही खिशात असे.

"ये जोड़ी नहीं है," बोडस म्हणाले. "एक दो सौ ग्यारह है, एक दो सौ चौदह." आणि सवयीने दोन्हींच्या बुडावर लाल टिपका ठेवला.

"को खाँ, ये क्या कर रिये हो?"

"रिजेक्ट."

"अमाँ, सत्तर साल पुरानी चीज़ है!"

"तो सत्तर साल से रिजेक्ट है."

भांडण झालं असतं. पण बोडसांनी तोवर शेजारची फुलदाणी उचलली होती. मुरादाबादची, यंत्रावर काढलेली, वरपासून खालपर्यंत एकसारखी. तिला हिरवा टिपका मिळाला. दोनच मिनिटांत टेंब्यांच्या मंगलाताई तिथे आल्या. बोडसांच्याच ब्लॉकमध्ये वरच्या मजल्यावर राहायच्या. त्यांनी फुलदाणी उलटी केली, टिपका पाहिला आणि छुट्टन मियाँनी सांगितले तेवढे पैसे काढून दिले.

"मंगला, अगं, भाव तरी कर!" पलीकडच्या चटईवरून नलिनीताई ओरडल्या.

"बोडससाहेबांचा हिरवा आहे गं! यांच्या हिरव्यावर एवढाली मशिनं फिरतात, माझी फुलदाणी उभी राहणार नाही होय?"

छुट्टन मियाँनी गेलेल्या फुलदाणीकडे पाहिलं, हातातल्या नोटांकडे पाहिलं, आणि बोडसांकडे पाहिलं. मग चटईवरची जागा झटकली.

"बैठिए साहब. और क्या दिखाऊँ?"

पुढच्या रविवारी बोडसांसाठी खुर्ची होती. त्याच्या पुढच्या रविवारी चहा. टाउनशिपमधून बाजारात येणाऱ्या प्रत्येक घरात कुणी ना कुणी कारखान्यात होतं, आणि हिरव्या टिपक्याचा अर्थ शाळेतल्या मुलांनाही कळत होता. हिरवा टिपका असलेली वस्तू बारा वाजेपर्यंत उरत नसे. चौथ्या रविवारी पंख्यांची पाती विकणाऱ्याने स्वतःच हिरवा खडू आणला. बोडसांनी एका पात्यावरचा टिपका दुरून पाहिला आणि चहाचा कप खाली ठेवला.

"ये मेरा हरा नहीं है. मेरा गहरा होता है."

त्या माणसाची इतर दुकानदारांनीच खरडपट्टी काढली. "बाज़ार का नाम डुबोएगा क्या?"

लाल टिपक्याच्या वस्तूंचं काय करायचं हे दुकानदारांना कळेना. कुणी घेत नव्हतं. छुट्टन मियाँनी एक टोपली आणून चटईच्या कडेला ठेवली आणि सगळा लाल माल तीत टाकला. जो जे देईल त्याला तो माल विकून टाकायचा. आठवड्याभरात प्रत्येक चटईच्या कडेला तशी टोपली आली.

नलिनीताईंना या सगळ्यात एकच फायदा दिसला. नवरा खुर्चीवर गुंतलेला असे आणि त्यांना घाई न होता फिरता येई. टोपल्यांकडे त्यांनी पाहिलं नाही. नवऱ्याने तपासून टाकून दिलेल्या वस्तूंमध्ये पुन्हा डोकं घालायला त्यांना सवड नव्हती. त्या न तपासलेल्या चटया आधी गाठत.

गुढीपाडवा झाला. तिसऱ्या दिवशी नलिनीताईंनी माळ्यावरून झोपाळा काढला, चिंच लावून घासला, गौर बसवली आणि दांडीकडे पाहून उसासा टाकला. या क्वार्टरातली ही शेवटची चैत्रगौर होती. दोन दिवसांनी, बुधवारी, कारखान्याचा दुपारचा भोंगा झाला आणि बोडस जेवायला घरी आले. नलिनीताई हळदीकुंकवाची यादी करायला कागद शोधत होत्या. कपाटावर बोडसांची बाजाराची वही होती. प्रत्येक लाल नग का लाल, हे तारीखवार लिहिलेलं. मागची कोरी पानं फाडून घ्यावीत म्हणून त्यांनी वही उघडली, आणि ताटात आमटी वाढायची राहून गेली.

"अहो, हे पक्षी कुठले?"

"कुठले?"

"पान तेवीस. 'छुट्टन. साखळी, पितळ, काळवंडलेली. लांबी १८२. पक्षी ३. उंची ४१, ४३.५, ४२. मधल्याची चोच डावीकडे. असमान. लाल.'"

"बरोबर आहे. मागच्या महिन्यातली आहे."

"पोपट होते का?"

"पितळेचा पक्षी कुठला हे कसं सांगणार? काजळी चढलेली होती. मी उंची घेतली."

"अकरा वर्षं मी तुम्हाला काय सांगतेय? तीन पोपटांची साखळी!"

"तू पोपट म्हणाली होतीस. ते काळे होते."

नलिनीताई उठल्या. देवघरातून गौर अलगद पाटावर उतरवली, झोपाळ्याची उजवी साखळी सोडवली आणि बोडसांच्या ताटाजवळ धरली. वरचा पोपट समोर पाहत होता. खालचाही. मधल्या पोपटाची चोच उजवीकडे वळलेली होती.

"ही उजव्या बाजूची. याची चोच कुठे आहे?"

"उजवीकडे."

"ही त्या पोपटाची उजवी. झोपाळ्यात टांगली की तीच आतली बाजू. डावीचा मधला डावीकडे बघतो, म्हणजे तोही आतच. दोघं गौरीकडे बघतात. माझ्या आईनं मला हे चार वर्षांची असताना दाखवलं होतं."

बोडसांनी भाताचा घास खाली ठेवला.

"वाकडी चोच म्हणून लिहिलंय मी," ते म्हणाले.

"स्कूटर काढा."

एकतीस वर्षांत दुसऱ्यांदा बोडसांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. पहिल्यांदा टाकली तेव्हा त्यांचं लग्न होतं.

बाजार रविवारचा. छुट्टन मियाँ मात्र त्याच गल्लीत राहत. ते दारात बसून एका हुक्क्याचं बूड घासत होते. बोडसांना पाहून त्यांनी आतून खुर्ची मागवली. नलिनीताईंनी पहिल्यांदाच आपले सगळे नियम मोडले.

"वो तीन तोते वाली साँकल कहाँ है?"

"कौन सी? लाल वाली? वो तो उसी रोज़ उठ गई, बहन."

"कोण... कौन ले गया?"

"मास्टरनी जी. हर इतवार आती हैं, बारह बजे, जब साहब चले जाते हैं. बस लाल टोकरी देखती हैं, एक-एक चीज़ उठा के. हरे को तो हाथ भी नहीं लगातीं."

बोडस खुर्चीवर बसता बसता थांबले. "हरे को हाथ नहीं लगातीं?"

"केती हैं, हरा तो दुकान में भी मिल जाता है."

यावर बोडस पूर्ण बसले. नलिनीताई मात्र निघाल्याच होत्या. "ग्वालियर की हैं क्या? चश्मा? बड़ी सी टिकली?"

"वही. झोला भर के ले जाती हैं. केती हैं, साहब को मेरा सलाम केना."

रत्नप्रभा पागनीस. टाउनशिपमधल्याच बरखेड्यात राहणाऱ्या, टाउनशिपच्या शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या, माहेरच्या ग्वाल्हेरच्या. गेली काही वर्षं त्यांची आरास पाहायला बायका दुसऱ्यांदा येत, आणि एवढ्या वस्तू आणता कुठून असं विचारलं की त्या "मिळतात" एवढंच म्हणत. या शुक्रवारचं हळदीकुंकू त्यांच्याकडेच होतं.

"मी येतो," परतताना बोडस म्हणाले.

"हळदीकुंकवाला?"

"माझं त्या नगाशी काम आहे."

शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता नलिनीताई पागनिसांच्या दारात उभ्या राहिल्या. हातातल्या रुमालात आईची साखळी. मागे बोडस, इस्त्रीच्या शर्टात, खिशात व्हर्नियर आणि दोन खडू. आत आठ-दहा बायका पन्हं पीत होत्या.

"अगंबाई!" मंगलाताई म्हणाल्या. "आज पुरुषांचं पण आहे का?"

"तपासणीला आलेत," दुसरी कुणी म्हणाली. "डाळीत मीठ बरोबर आहे ना गं?"

बोडसांना काही ऐकू येत नव्हतं. ते आरास पाहत होते. पाच पायऱ्या, त्यावर चाळीसेक वस्तू, आणि त्यातली प्रत्येक त्यांच्या ओळखीची. मान कललेली अत्तरदाणी. झाकण एका बाजूला उचललेलं पानदान. एक पाय आखूड असलेला लाकडी घोडा. एका फुलाला पाच आणि दुसऱ्याला सहा पाकळ्या असलेला मण्यांचा बटवा. मेणबत्तीचे ते दोन स्टँड, एक २११, एक २१४. सगळ्यांवर लाल टिपके. पुसले नव्हते, वस्तू मुद्दाम अशा ठेवल्या होत्या की टिपका दिसावा. आणि मधोमध, गौरीच्या डोक्यावर छोटी घंटा टांगलेली एक पितळी साखळी, सोन्यासारखी घासलेली. तीन पोपट.

"हे सगळं मी नापास केलंय," बोडस म्हणाले.

"म्हणून तर घेतलं, भाऊजी!" रत्नप्रभाबाई आतून डाळीचं पातेलं घेऊन आल्या. "या, बसा. तुमचे तर माझ्यावर फार उपकार आहेत. बघा, दोन नग अगदी सारखे निघाले तर ते मशीननं काढले. सारखे नाही निघाले तर कुणीतरी बसून हातानं केले. मला हातचं हवं असतं. आधी एक-एक चीज निरखून बघताना माझे डोळे दुखायचे. आता तुम्ही मोजून, खूण करून, वेगळ्या टोकरीत काढून ठेवता. इतकी मदत मला कुणी केली नव्हती."

बायका हसल्या. बोडसांना बसायला पाट दिला होता. ते त्यावर बसले. नलिनीताई बसल्या नाहीत.

"रत्नप्रभा, मी एक मागायला आलेय. ती साखळी." आणि त्यांनी सगळं सांगितलं. आईचा झोपाळा, ट्रक, दांडी, अकरा वर्षांचे रविवार. रुमाल उलगडून दुसरी साखळी दाखवली. बायकांनी ती हातोहात फिरवली. मधला पोपट उजवीकडे, मधला पोपट डावीकडे. मंगलाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांच्या डोळ्यांत ते लवकर येई.

"तीच आहे ही, नलिनी. तुझीच ट्रकमधून पडलेली."

"पुरावा नाही," बोडस म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा हो," नलिनीताई म्हणाल्या.

रत्नप्रभाबाईंनी घंटा काढून ठेवली, साखळी उतरवली आणि तळहातावर घेतली. "घेऊन जा. माझ्याकडे ही तर नुसती घंटेला लटकलीय. पण एक शर्त आहे. भाऊजींनी हिला हिरवा लावायचा. इथं, सगळ्यांसमोर."

"ते कशाला?" नलिनीताईंनी विचारलं.

"बावीस वर्षं मी पोरांना सांगतेय, हातानं काढलेली रेघ थोडी हलणारच, घाबरू नका. पोरं घरी जातात आणि बाप फूटपट्टी देतात. सगळे बाप तुमच्या कारखान्यातले. मला एकदा तरी ही अशी चीज इन्स्पेक्शननं पास केलेली बघायचीय. मी वर्गात सांगेन."

सगळ्या जणी बोडसांकडे पाहू लागल्या. बोडसांनी मान हलवली.

"नाही."

"अहो!"

"नलिनी, चार मिलिमीटर कमी आहे. पक्षी असमान आहेत. मी वहीत लिहिलंय. खोटा हिरवा मी लावत नाही. पाहिजे तर वहिनींना दुसरं काहीही मागू दे, मी देतो."

"मला दुसरं काही नकोय," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. त्या हसत होत्या, पण मूठ मिटली होती.

पन्ह्याचे पेले कुणी उचलेना. हे सगळं हसण्यावारी न्यावं की नाही हे बायकांना ठरवता येत नव्हतं. नलिनीताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांना एवढं कळलं होतं की या माणसाशी वाद घालून उपयोग नसतो. त्याच्यासमोर नग ठेवावा लागतो.

"नका लावू," त्या म्हणाल्या आणि आईची साखळी त्यांच्यापुढे पाटावर ठेवली. "मोजा."

"हिला कशाला? ही आपलीच आहे."

"अकरा वर्षं घरात आहे. कधी मोजलीत?"

"लांबी घेतली होती. दांडीसाठी."

"पोपट?"

बोडसांनी पाटावरची साखळी उचलली. त्यांनी व्हर्नियर काढला. माप मोठ्याने वाचायची त्यांना सवय होती, कारण कारखान्यात शेजारी एक जण लिहून घेत असे.

"पहिला बेचाळीस." ते थांबले. पुन्हा लावून पाहिलं. "दुसरा चाळीस पूर्णांक पाच. तिसरा..." चश्मा कपाळावर सरकवला, डोळे जवळ नेले. "त्रेचाळीस पूर्णांक पाच."

"असमान," नलिनीताई म्हणाल्या. "लाल लावा. माझ्या आईच्या साखळीला."

लाल खडू बोडसांच्या हातात आला होता. तो तसाच राहिला. बोडसांनी एकदा या साखळीकडे पाहिलं, एकदा रत्नप्रभाबाईंच्या मुठीकडे.

"ड्रॉइंग कुठाय?" ते म्हणाले.

कुणालाच काही समजलं नाही.

"नग ड्रॉइंगशी ताडून बघतात. मी त्या साखळीचे पक्षी कशाशी ताडले? एकमेकांशी. म्हणजे पहिला दुसऱ्यासारखा का नाही म्हणून मी त्याला लाल लावला. कारखान्यात कुणा नवशिक्यानं असं केलं असतं तर मी त्याला घरी पाठवलं असतं." ते आता बायकांशी बोलत नव्हते; जूनपर्यंत त्यांच्या हाताखाली असलेल्या कुणाशी तरी बोलत होते. "ड्रॉइंग ही आहे. मूळ नग. चाळीस पूर्णांक पाच ते त्रेचाळीस पूर्णांक पाच, एवढी सूट त्या करणाऱ्यानं स्वतःच दिलीय. वहिनी, जरा हात उघडता?"

रत्नप्रभाबाईंनी मूठ उघडली. बोडसांनी साखळी घेतली आणि तीनही पोपट पुन्हा मोजले, वहीवर विश्वास नसल्यासारखे.

"एकेचाळीस. त्रेचाळीस पूर्णांक पाच. बेचाळीस. बसतात. तिन्ही बसतात."

"आणि चार मिलिमीटर?" मंगलाताईंनी विचारलं. नलिनीताईंनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्यांनी लगेच पन्ह्याचा पेला तोंडाला लावला.

प्रश्न रास्त होता आणि बोडसांनी तो घेतला. त्यांनी दोन्ही साखळ्या खिडकीजवळ नेल्या आणि एकेक कडी पाहिली. आईच्या साखळीच्या कड्या लांबट झाल्या होत्या, टोकांना झिजून पातळ. दुसरीच्या गोल होत्या. "ही इतकी वर्षं वजन घेऊन लटकलीय. ही नुसती पडून होती. वापरातल्या नगाला झीज माफ असते. नियम आहे तसा."

त्यांनी रुमाल काढला, लाल टिपका पुसायला लागले.

"अहो, राहू दे ना तो! शेजारी हिरवा लावा, दोन्ही दिसतील," रत्नप्रभाबाई म्हणाल्या.

"एका नगावर दोन टिपके नसतात."

लाल टिपका पूर्ण पुसला गेला. बोडसांनी तो पुसायची ही पहिलीच वेळ होती आणि पितळेवरून तेलखडू किती मुश्किलीने निघतो हे त्यांना माहीत नव्हतं. तीन मिनिटं लागली. मग त्यांनी वरच्या कडीवर हिरवा टिपका ठेवला, आणि क्षणभर विचार करून आईच्या साखळीवरही एक. नलिनीताईंनी दोन्ही साखळ्या एकाच रुमालात बांधल्या, रुमाल कमरेला खोचला आणि मगच खाली बसून डाळ मागितली.

पुढच्या शुक्रवारी हळदीकुंकू बोडसांकडे होतं. या क्वार्टरातलं शेवटचं. झोपाळा मधोमध होता, दोन्ही बाजूंना तीन-तीन पोपट, मधले दोघे गौरीकडे वळलेले. पाटली डाव्या बाजूला चार मिलिमीटर वर होती आणि गौर उजवीकडे किंचित कलून बसली होती.

"कुणीतरी कानात काही सांगतंय आणि ती ऐकतेय, असं वाटतं," मंगलाताई म्हणाल्या.

त्याआधी बोडस गौरीखाली सारायला पोस्टकार्डाची चौपदरी घडी घेऊन दोनदा झोपाळ्याजवळ गेले होते. दोन्ही वेळा नलिनीताईंनी "हात लावून तर बघा" एवढंच म्हटलं होतं.

सात वाजता रत्नप्रभाबाई आल्या. त्यांनी आधी गौर पाहिली, मग पोपट, मग वाकून दोन्ही हिरवे टिपके. "वर्गात सांगितलं," त्या म्हणाल्या. "एका पोरानं विचारलं, सही आहे का?" हळदीकुंकू लावून घेतलं, ओटी घेतली, आणि निघताना कोपऱ्यात खिडकीच्या कट्ट्यावर त्यांची नजर गेली. तिथे स्टीलची दांडी पडली होती.

"हीच का ती?"

"हीच," नलिनीताई म्हणाल्या. "अकरा वर्षं माझ्या गौरीला लावलेलं सलाइन."

"भाऊजी, ही तुम्ही कशानं केली?"

बोडस दारात उभे होते. "कानसीनं. घरीच, ओट्यावर. लेथ मिळाला नव्हता."

"म्हणजे हातानं?"

"हातानंच."

"मग मला द्या. पुढच्या वर्षी आराशीत ठेवेन."

"वहिनी, ती तुमच्या कामाची नाही. ती बरोबर आहे. एकशे शहाऐंशी."

"कधी मोजली होती?"

बोडसांनी दांडी उचलली. व्हर्नियर लावला, उजेडाकडे फिरले, काढला, पुन्हा लावला. नलिनीताई तबक हातात धरून थांबल्या. बोडसांनी माप मोठ्याने वाचलं नाही. खिशात हात घातला, तेलखडू काढला, आणि दांडीच्या टोकाला नीट, गोल, लाल टिपका ठेवून ती रत्नप्रभाबाईंच्या हातात दिली.

"किती?" रत्नप्रभाबाईंनी विचारलं.

"तीन दशांश जास्त."

रत्नप्रभाबाईंनी ती झोळ्यात जपून ठेवली आणि आणखी एक पेला पन्हं मागितलं.